सुई, खाट आणि अर्धा तास

डोकेदुखीचा पुरावा देता येत नाही. हात मोडला की प्लास्टर दिसतं, ताप चढला की थर्मामीटर साक्ष देतो. अर्धशिशीवाल्याचा एमआरआय मात्र स्वच्छ येतो, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि माणूस दारं-खिडक्या लावून उशीत तोंड खुपसून पडलेला असतो. 'सगळं नॉर्मल आहे' हे ऐकून घरच्यांना हायसं वाटतं. मला दरवेळी थोडा रागच यायचा. एवढं ठणकतंय आणि फोटोत काहीच नाही?

ज्या दुखण्याला पुरावा नाही त्याला सल्ले फार मिळतात. कुणी चष्म्याचा नंबर तपासायला सांगतं, कुणी पित्तावर ढकलतं, कुणी 'तू विचारच फार करतेस' म्हणून मोकळं होतं. अ‍ॅक्युपंक्चरचा (म्हणजे अंगात बारीक सुया टोचून घ्यायचा) सल्ला यांच्यापेक्षा वेगळा, कारण तो कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत हमखास एक तिसरंच माणूस येतं. कुणाच्या तरी नणंदेची मैत्रीण, वर्षानुवर्षांचं दुखणं, आणि चार सिटिंगमध्ये डोकं मोकळं. ही मैत्रीण प्रत्यक्षात कधीच भेटत नाही. तरीही मी गेले. का गेले ते सांगायचं तर आधी गोळ्यांबद्दल बोलायला हवं.

अर्धशिशीच्या गोळ्या दोन तऱ्हेच्या. ठणका सुरू झाल्यावर घ्यायच्या त्या एक, आणि तो वरचेवर येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या त्या दुसऱ्या. पहिल्यांत साध्या वेदनाशामकांपासून खास अर्धशिशीच्या झटक्यासाठी असलेल्या ट्रिप्टानपर्यंत सगळं आलं. ट्रिप्टान १९९०च्या दशकात आले आणि पुष्कळांचं जगणं त्यांनी खरोखरच सुसह्य केलं. पण त्यांना मर्यादा आहे. महिन्यातले दहा किंवा अधिक दिवस ट्रिप्टान, नाहीतर पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. म्हणजे ज्याचं जास्त दुखतं त्यानेच गोळी जपून घ्यायची. या नियमाइतका दुष्ट नियम वैद्यकात दुसरा नसेल, असं मला ऐन झटक्यात नेहमी वाटतं.

रोजच्या गोळ्यांची तऱ्हा निराळी. प्रोप्रॅनोलॉल मुळात हृदयाचं आणि रक्तदाबाचं, टोपिरामेट फिटचं, अमिट्रिप्टिलीन नैराश्याचं. सगळी दुसऱ्याच आजारांच्या दारातून आत आलेली. अर्धशिशी रोखण्यासाठी म्हणूनच घडवलेली, सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारी इंजेक्शनं बाजारात यायला २०१८ साल उजाडलं. जुन्या औषधांचा अनेकांना चांगला उपयोग होतो, यात शंका नाही. पण प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला चालत नाही, अमिट्रिप्टिलीनने दिवसाही डोळे मिटतात, आणि टोपिरामेटने काही जणांना बोलता बोलता शब्दच सापडेनासे होतात. त्या काही जणांत मी होते. साधा 'टेबल' हा शब्द आठवायला भिंतीकडे बघत बसायची पाळी आली, तेव्हा डॉक्टरांना विचारून ती गोळी हळूहळू बंद केली. डोकं पूर्वीइतकंच दुखू लागलं. दुसरी गोळी सुरू करण्याआधी काही महिने हातात होते, आणि त्या महिन्यांत सुया येऊन बसल्या.

पहिल्या दिवशी सुई टोचायला बराच वेळ लागला. आधी नुसते प्रश्न. दुखणं कानशिलातून सुरू होतं की मानेतून? ठणके पडतात की डोकं आवळल्यासारखं वाटतं? उमासे येतात? उजेड जास्त नकोसा होतो की आवाज? पाळीच्या आधी वाढतं? झोप किती वाजता मोडते? डोकं दुखायच्या आदल्या दिवशी जांभया येतात का?

या शेवटच्या प्रश्नाला मी चमकले. झटका डोक्यात पोचायच्या कितीतरी तास आधीच सुरू झालेला असतो. जांभया, चिडचिड, मान आखडणं ही त्याची चाहूल. मानेमुळे डोकं दुखतंय असं आपण म्हणत राहतो, पण पुष्कळदा मान आखडते तीच मुळी झटका सुरू झाल्यामुळे. हे मी वाचलेलं होतं. माझ्या जांभयांची चौकशी मात्र तोवर कुणी केली नव्हती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. बाहेर बाकं भरलेली असताना जांभयांवर कोण बोलणार?

मग सुया. इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिच्यातून औषध जायचं असतं. ही भरीव, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, निर्जंतुक पाकिटातून काढायची आणि एकदा वापरून टाकून द्यायची. ती आत गेल्याचं कळतंही आणि कळतही नाही. कळतं ते त्यानंतर. सुई किंचित फिरवली की आत खोल कुठेतरी जडपणा येतो, ओढ लागते, मुंग्या सरकतात. याला चिनी परंपरेत 'द-ची' म्हणतात, आणि ते आल्याशिवाय सुई नीट लागली असं मानत नाहीत. डोकेदुखीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. मानेच्या वर, कवटीच्या कडेखाली दोन्ही बाजूंना खळगे असतात तिथे 'फेंगची'. भुवईच्या टोकामागे, कानशिलावर 'थाईयांग'. टाळूवर 'बाइहुई'. हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात 'हेगू', जी जागा गरोदरपणी टाळतात. पायाच्या अंगठ्यामागच्या खाचेत 'थाईचुंग'. सगळ्या लावून झाल्या की दिवा मंद करतात आणि वीस-तीस मिनिटं हलायचं नाही. नाकाला खाज नेमकी तेव्हाच सुटते.

सुया लावणाऱ्या बाई 'ची', म्हणजे शरीरातून वाहते असं मानलेली प्राणशक्ती, आणि तिच्या मार्गांबद्दल बोलत. अमुक मार्गात अडथळा आहे, तमुक अवयवाचा जोर वाढलाय. मी मान डोलवू शकत नव्हते (सुया होत्या), पण पटतही नव्हतं. असे मार्ग शरीरशास्त्राला स्वतंत्र रचना म्हणून सापडलेले नाहीत. दुसऱ्या बाजूने, मानेवर सुई टोचल्याने कपाळातलं दुखणं का बदलावं, याला साधं शारीरिक उत्तर संभवतं. चेहरा आणि कपाळाची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मेंदूच्या देठाखाली एकाच केंद्रात येऊन मिळतात. तिथे एकीची बातमी दुसरीत मिसळते. पण मग पायाच्या अंगठ्याजवळची सुई? १९७०च्या दशकात असं दिसलं, की अफूसारख्या औषधांचा परिणाम उतरवणारं नालोक्सोन दिलं तर सुयांनी आलेली बधिरता ओसरते, म्हणजे शरीर स्वतःची अफूसारखी रसायनं सोडत असावं. २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आसपास अडेनोसिन हे वेदना शमवणारं रसायन वाढल्याचं दिसलं. दोन्ही गोष्टी रंजक आहेत. मात्र त्यातून काही तासांचा आराम समजतो. सुया थांबवल्यावर पुढचे कित्येक महिने झटके कमी का यावेत, हे त्यातून मला तरी उलगडत नाही.

आणि 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' हेही जरा जपून म्हणावं. परंपरा जुनी आहे, अखंड नाही. १८२२ साली चीनच्याच बादशहाने राजवैद्यकाच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकलं होतं. विसाव्या शतकात ते पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्याची बरीच डागडुजी झाली. पाश्चात्त्य देशांत त्याची लाट उठली ती १९७१ नंतर. जेम्स रेस्टन हा अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्याचं अपेंडिक्स काढावं लागलं, आणि त्याने त्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. सांगणाऱ्यांनी पुढे त्याची गोष्ट अशी केली की शस्त्रक्रियाच म्हणे सुयांवर झाली. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या औषधांवर झाली होती. सुया आल्या नंतर, पोट फुगून कळा येऊ लागल्या तेव्हा, त्याही कोपरात आणि गुडघ्यांखाली. नणंदेच्या मैत्रिणीची गोष्ट अशीच तयार होत असावी.

आता आकडे. मला या विषयात सर्वांत जास्त रस इथे आहे, कारण अ‍ॅक्युपंक्चरवरच्या चाचण्या वाचताना वाटतं, सुईची परीक्षा घ्यायला गेले आणि निकाल भलत्याचाच लागला.

जर्मनीत २००५ साली अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला योग्य जागी, योग्य खोलीवर सुया. दुसऱ्याला खोट्या, म्हणजे ठरलेल्या जागा सोडून, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला नुसतं थांबायला सांगितलं. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर यावेत, ही पास होण्याची अट. खऱ्या सुयांच्या गटात ५१ टक्के लोक पास झाले. खोट्यांच्या गटात ५३. थांबलेल्यांत १५. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते पुन्हा वाचले. संशयवादी म्हणाले, बघा, सुईत काही नाही. सुयावाले म्हणाले, बघा, पंधरावरून पन्नासवर. दोघांनी एकाच तक्त्यावर बोट ठेवलं होतं.

पुढच्याच वर्षी, तिथेच, ९६० जणांची त्याहून मोठी चाचणी आली. यात तिसरा गट थांबणाऱ्यांचा नव्हता, त्याला नेहमीची प्रतिबंधक औषधं दिली होती. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी ४७ टक्के, खोट्यांनी ३९ आणि औषधांनी ४० टक्के लोकांचे झटक्याचे दिवस निम्म्यावर आले. या तिघांत खात्रीने सांगावा असा फरक निघाला नाही. औषधांच्या वाट्याला गेलेले बरेच लोक आपल्या गटाची चिठ्ठी निघताच बाहेर पडले. ते सुयांसाठी आलेले होते. म्हणजे अपेक्षा आधीच एका पारड्यात बसलेली होती, आणि हा सगळ्याच चाचण्यांना लागणारा घोळ आहे. आपल्याला काहीच मिळालं नाही हे थांबलेल्याला ठाऊक असतं. त्याचं डोकं थोडं रुसूनही दुखत असेल.

२०१६ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या मंडळींनी अर्धशिशीवरच्या २२ चाचण्या एकत्र केल्या, मिळून जवळपास पाच हजार माणसं. काहीच न करणाऱ्यांत १०० पैकी १७ जणांचे झटके निम्म्यावर आले, सुया घेणाऱ्यांत ४१ जणांचे. खोट्या सुयांशी तुलना केलेल्या चाचण्यांत खऱ्यांनी ५०, खोट्यांनी ४१. प्रतिबंधक औषधांशी तुलना केली तर तीन महिन्यांनी सुयांनी ५७, औषधांनी ४६, आणि सहा महिन्यांनी हा फरक जवळजवळ पुसला गेला. औषध सोडून देणारे मात्र सुया सोडणाऱ्यांपेक्षा जास्त. खरी आणि खोटी यांतला फरक लहान आहे, पण आहे. २०२० साली चीनमधल्या एका चाचणीत आधी कधीच सुया न घेतलेले १५० लोक निवडले आणि खोट्या सुईला टोकच ठेवलं नाही. त्वचेला टेकली की ती स्वतःच्या मुठीत आत सरकते, बघणाऱ्याला वाटतं रुतली. तिथे शेवटच्या चार आठवड्यांत खऱ्या सुयांनी झटक्याचे दिवस ३.९ने घटले, खोट्यांनी २.२ने. त्यामुळे 'सगळं मनाचं' म्हणणाऱ्यांशी मी अजून वाद घालते.

पण माझ्या डोक्यात घोळत राहिलं ते ४१. खोट्या सुया, आणि तरी १०० पैकी ४१. अर्धशिशी रोखण्यासाठी दिलेल्या खोट्या उपचारांचाच एक आढावा २०१३ साली निघाला. खोटी गोळी घेऊन २२ टक्के लोकांना निम्मा आराम पडला होता, खोट्या सुया घेऊन ३८ टक्क्यांना, आणि खोट्या शस्त्रक्रियेनंतर ५८ टक्क्यांना. म्हणजे खोटेपणालाही पायऱ्या आहेत. गोळी घेताना आपण पाण्याचा घोट घेतो आणि कामाला लागतो. सुयांसाठी ठरलेल्या वेळी जावं लागतं, कुणीतरी विचारतं, कुणीतरी मानेच्या खळग्यात बोटाने दुखरी जागा शोधतं, मग अंधारात पडून राहायचं. या सगळ्याला चाचणीच्या भाषेत 'काही नाही' म्हणतात, हे मला पटत नाही.

हार्वर्डच्या टेड कॅप्चुक यांच्या गटाने २००८ साली हेच सरळ मोजलं, अर्थात डोक्यावर नव्हे, आतड्याच्या चिडखोर दुखण्यावर. २६२ रुग्ण. एका गटाला नुसती प्रतीक्षा. दुसऱ्याला खोट्या सुया, पण बोलणं जेमतेम. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, आणि त्याआधी पाऊण तास निवांत, आस्थेची विचारपूस. पुरेसा आराम पडला असं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. एकाही गटाला खरी सुई लागली नव्हती.

माझ्यापुरतं मी इथवर आले आहे. सुया थोडं काम करतात, आणि त्यांच्याभोवतीचा तास बरंच. त्या तासाला निव्वळ भ्रम म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण अर्धशिशीचा मेंदू म्हणजे उजेड, आवाज, वास, झोप, ताण यांतल्या प्रत्येक बदलाला नको तितकी दाद देणारा मेंदू. कोलाहलाने जर तो पेटत असेल, तर आठवड्यातून दोनदा सक्तीने दिलेल्या शांततेने तो थोडा निवू शकतो, यात मला अशास्त्रीय काही दिसत नाही. घरी झोपून राहिलं तर चालणार नाही का? करून बघा. पाच मिनिटांत फोन हातात येतो. अंगात सुया असल्या की येत नाही.

माझं काय झालं? झटके कमी झाले, पुरते गेले नाहीत. आले ते पूर्वीपेक्षा लवकर उतरले. पण याच काळात मी डायरी ठेवायला लागले होते, त्यामुळे वेदनाशामकं मोजून घेऊ लागले होते, आणि सकाळच्या सिटिंगसाठी रात्री वेळेवर झोपत होते. शिवाय माणूस नवा उपचार शोधायला निघतो तो दुखणं ऐन भरात असताना, आणि भर ओसरतोच. श्रेय कुणाला किती द्यायचं हे माझ्या डायरीतून निघत नाही, म्हणूनच नणंदेच्या मैत्रिणीसारखी माझी गोष्ट कुणी पुढे सांगत सुटू नये. सुयावाल्या बाईंनी मात्र मला कधीही 'गोळ्या बंद करा' म्हटलं नाही. जे म्हणतात, किंवा 'कायमचं बरं करतो' अशी हमी देतात, तिथून उठावं. आणि अचानक, क्षणार्धात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठणं, हात-पाय लुळावणं, बोलणं अडखळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर सुयांच्या खाटेवर जाऊच नये. सरळ इस्पितळ गाठावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही आधी सांगावं. एरवी धोका कमी. जर्मनीतल्याच सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत साधारण ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, त्यात बहुतेक रक्ताचा थेंब आणि काळानिळा डाग. फुप्फुसाला इजा दोघांना झाली. दुर्मीळ आहे, शून्य नाही.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१२ साली पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंगचा विचार करावा असं सुचवलं: आवळणाऱ्या जुनाट डोकेदुखीसाठी थेट, आणि अर्धशिशीसाठी टोपिरामेट-प्रोप्रॅनोलॉल चालली नाहीत तर. जर्मनीने उलटी गंमत केली. एवढ्या मोठ्या चाचण्या करून २००६ साली ठरवलं, की विम्यातून कंबरदुखी आणि गुडघेदुखीच्या सुयांचे पैसे द्यायचे, डोकेदुखीच्या नाही. कारण अर्धशिशीत सुया नेहमीच्या औषधांपेक्षा सरस ठरल्या नव्हत्या. बरोबरीच्या ठरल्या होत्या, पण बरोबरी पुरत नाही असं दिसतं. औषधाइतकाच उपयोग, आणि शब्द सापडेनासे होत नाहीत, याची किंमत त्या हिशेबात कुठे धरली असती कोण जाणे.

मला कुणी चाचणी मांडायला दिली तर मी आणखी एक गट ठेवीन. तेच प्रश्न, जांभयांसकट. तीच खाट, तोच मंद दिवा, मानेच्या खळग्यात तीच बोटं, अर्धा तास हलायचं नाही. फक्त सुई नाही, खोटीसुद्धा नाही. या गटाचा आकडा ४१च्या किती जवळ जातो ते मला बघायचं आहे. आणि खरं विचाराल तर अशा चाचणीत भाग घ्यायची वेळ आलीच, तर माझं नाव सुयांच्या गटात निघावं असंच मला वाटेल.